टाक्यांत राहिलेली गावे

याफा बंदराच्या आग्नेयेला दहा-एक किलोमीटरवर बैत दजन नावाचे गाव होते. १९४५ च्या नोंदीप्रमाणे वस्ती सुमारे ३,८०० होती. शे-सव्वाशे ख्रिस्ती सोडले तर बाकी सारे मुसलमान. भोवती संत्र्यांच्या बागा होत्या आणि बंदर जवळ होते, त्यामुळे गावाच्या हाती चार पैसे खेळत. एप्रिल १९४८ च्या अखेरीस हे गाव रिकामे झाले. त्याच्या जमिनीवर बैत दगान या नावाने दुसरी वस्ती उभी राहिली. (नाब्लुसजवळ बैत दजन नावाचे आणखी एक गाव आहे, त्याच्याशी गल्लत करू नये.) याफाजवळचे हे बैत दजन आज नकाशावर नाही. पण लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ते आहे. तिथे या गावच्या बायकांनी शिवलेले आणि भरलेले झगे जपून ठेवले आहेत. या संग्रहालयाच्या अभ्यासक शेलाह वेअर यांनी १९८९ मध्ये पॅलेस्टिनी पोशाखावर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा एकट्या बैत दजनच्या लग्नातल्या कपड्यांसाठी त्यांना स्वतंत्र प्रकरण द्यावे लागले.

या विषयाकडे आम्ही वळलो ते अभ्यासाच्या ओढीने नव्हे, एका घरगुती चुकीमुळे. नानींच्या इंतकालानंतर त्यांची लोखंडी पेटी उघडली. आत कशिदा भरलेले खानपोश, उशांचे अभ्रे, दस्तरखान, मुलांच्या टोप्या आणि अर्धवट राहिलेला एक पडदा होता. कपडा जुना, ठिकठिकाणी विरलेला. घर आवरायचे होते. दारावर बोहारीण आली आणि ती सगळी चळत एका स्टीलच्या पातेल्यावर गेली. त्या वेळी आम्हां भावंडांपैकी कोणालाच त्यात काही वावगे वाटले नाही. पातेले अजून घरात आहे. पुढे बऱ्याच वर्षांनी वेअरबाईंच्या ग्रंथातली छायाचित्रे पाहताना मनात आले की, जगात कुठेतरी अशाच पेट्यांतल्या अशाच चिंध्यांवरून गावांचा इतिहास लिहिला जातो आहे, आणि आमच्याकडचा आम्ही तोलून दिला.

आपल्या समाजात फिलस्तीनचे नाव लहानपणापासून कानांवर पडते. जुम्याच्या दुआत ते असते. जेरुसलेममध्ये बाबा फरीदांच्या नावाशी जोडलेली हिंदी झाविया आहे, आणि मौलाना मुहम्मद अली जौहर यांना जानेवारी १९३१ मध्ये हरम शरीफच्या परिसरातच दफन केले, हेही पुष्कळांना ठाऊक असते. पण तिथल्या खेड्यातली बाई काय नेसत होती, काय शिवत होती, कोणाकडून शिकत होती, हे आपल्याला कोणी सांगितले नाही आणि आपणही विचारले नाही. आपला इतिहास बहुधा मैदान आणि मिंबर या दोन जागांवरून लिहिला गेला. चुलीपुढच्या, खाटेवरच्या, शिवणाच्या डब्यातल्या इतिहासाला त्यात जागा मिळाली नाही.

वस्तुतः शब्द पाहिले तरी हे नाते जवळचे आहे. भरतकामाला अरबीत ‘तत्रीज’ म्हणतात. तो शब्द ‘तिराज’पासून आला, आणि तिराज म्हणजे खलिफांच्या कारखान्यांत तयार होणारे अक्षरांच्या काठाचे कापड. दरबारातून मिळणारी खिलअत त्याचीच असे. ही कला किती दूर गेली होती याचा एक पुरावा व्हिएन्नात आहे. सिसिलीचा ख्रिस्ती राजा दुसरा रॉजर याच्यासाठी हिजरी ५२८ मध्ये, म्हणजे ११३३-३४ साली, पालेर्मोच्या कारखान्यात एक झूल भरली गेली. तिच्या काठावर कूफी लिपीतला अरबी मजकूर आहे. पुढे कित्येक शतके युरोपातले सम्राट राज्याभिषेकाला तीच झूल पांघरत आले. भरतकामाला इटालियन भाषेत ‘रिकामो’ म्हणतात, तो अरबी ‘रकम’ या मुळाचा वंशज. आपली मराठी ‘रक्कम’ही त्याच मुळाची. सुईने केलेली खूण तिकडे नक्षी झाली, इकडे हिशेबाच्या वहीत येऊन बसली! ‘रफू’, ‘मखमल’, ‘जरी’, ‘कशिदा’ या शब्दांबद्दल तर वेगळे सांगायलाच नको.

असो. दरबारी तिराज आणि खेड्यातला कशिदा यांच्यात सरळ धागा ओढता येईल असे आम्हांला वाटत नाही. काही अभिमानी लेखक पॅलेस्टिनी भरतकामाला थेट कनानी काळात नेऊन ठेवतात. कापड कुजते, आज हाताशी असलेले झगे जास्तीत जास्त एकोणिसाव्या शतकातले आहेत. त्यामागे परंपरा निश्चित असणार, पण तिचे वय सांगण्याचा मोह टाळलेला बरा. शिवाय ही सर्व पॅलेस्टिनी बायकांची कलाही नव्हती. शहरातल्या खानदानी बायका तुर्की किंवा युरोपीय धर्तीचे कपडे घालीत. भरलेला थोब ही ‘फल्लाहीं’ची, म्हणजे शेतकरणीची निशाणी होती, आणि शहरात तिच्याकडे जरा खालच्या नजरेनेच पाहिले जाई. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे नेमके उलटे घडले.

मुलगी सात-आठ वर्षांची झाली की तिच्या हातात सुई येई. आई, नानी-दादी, थोरल्या बहिणी आणि शेजारणी हाच तिचा मदरसा. आधी चिंधीवर एक नक्षी, ती जमली की दुसरी. मुख्य टाका फुल्यांचा, ज्याला आपण क्रॉस-स्टिच म्हणतो. हातमागाच्या तागी कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि त्या मोजणीवर फुली घालायची. कापडावर आधी काही रेखाटलेले नसे. सगळा हिशेब डोक्यात. एक धागा चुकला तर चार बोटे पुढे गेल्यावर वेल तिरकी होते, आणि मग उसवण्यावाचून गत्यंतर नसते. उलटी बाजू सुलटीइतकीच साफ हवी. मागे गाठी आणि लोंबते दोरे दिसले की जाणती बाई काही न बोलता कापड परत देई. हा नियम आपल्याकडच्या शिवणाच्या बाईंनाही चांगला माहीत आहे.

लग्नापर्यंत मुलीने आपल्या हाताने काही झगे तयार केलेले असत. लग्नाच्या वेळी ते मांडले जात, आणि गावच्या बायका ते पाहून तिची परीक्षा करीत: हात कसा, रंगाची जाण कशी, धीर किती. झगा अखंड भरायचा नसे. छातीवर चौकोनी पट्टा, त्याला ‘कब्बा’ म्हणत, बाजूंना खाली उतरणारे पट्टे, मागे घेरावर एक रुंद पट्टा, आणि बाह्या. या पट्ट्यांवरून बाई कोणत्या मुलखातली, कधीकधी कोणत्या गावातली, हे बाजारात दुरून ओळखता येई. रामल्लाची बाई पांढऱ्या किंवा काळ्या तागी कापडावर लाल रेशमाने भरी. बैत दजन आणि याफाच्या मैदानी गावांत सुरूच्या झाडांच्या ओळी भरत. तिथे त्या झाडाला ‘सरू’ म्हणतात, फारसीत ‘सर्व’. आपल्या कोकणकिनाऱ्यावर ज्याला सुरू म्हणतात ते झाड वेगळे, पण नाव तेच प्रवास करून आले आहे.

नक्ष्यांची नावे वाचताना तर बायकांच्या बैठकीत जाऊन बसल्यासारखे वाटते. पाशाचा तंबू, म्हाताऱ्याचे दात, तव्यावरची चार अंडी, चणे-मनुका, ब्रह्मचाऱ्याची उशी! त्रिकोणी नक्षीचे नाव ‘हुजुब’, म्हणजे ताविजे. ती नजर लागू नये म्हणून. एखाद्या दरबारी उस्तादाला ही नावे सुचली नसती. ज्यांनी तवा रोज पाहिला, म्हाताऱ्याचे दात रोज पाहिले, त्यांनीच ती ठेवली.

कापडाचीही अशीच नावे. गझ्झाच्या उत्तरेला अल-मजदल नावाचे विणकरांचे मोठे गाव होते. तिथे शेकडो माग चालत. त्यांच्या एका काळ्या-निळ्या कापडाच्या काठांना एका बाजूस हिरवे आणि दुसऱ्या बाजूस लाल पट्टे असत. त्याला ‘जन्ना व नार’ म्हणत, स्वर्ग आणि नरक. १९४८ मध्ये मजदल पडले, उरलेसुरले लोक १९५० मध्ये गझ्झाकडे घालवले गेले, आणि विणकर आपला हुन्नर घेऊन गझ्झाच्या पट्टीत जाऊन बसले. तिथे त्यांनी पुन्हा माग टाकले.

दक्षिणेकडच्या बेदुईन टोळ्यांत रंग हाच कायदा होता. अविवाहित मुलीच्या झग्यावर निळे भरतकाम, लग्न झालेलीच्या झग्यावर लाल. विधवेला पुन्हा निळा. काही ठिकाणी नवरा गेला की बाई आपला लाल भरलेला झगा निळीच्या पिंपात बुडवी. लाल नाहीसा होत नसे, निळ्याखाली काळपट दिसत राही. आणि विधवा पुन्हा लग्नाला तयार झाली की निळ्या टाक्यांमध्ये थोडा लाल, गुलाबी भरी. तोंडाने सांगण्याची गरज नसे. आपल्या शरियतने विधवेला दुसऱ्या निकाहचा हक्क दिला, हे आपण व्याख्यानांत अभिमानाने सांगतो. आपल्या वस्त्यांत तो हक्क किती विधवांना वापरता आला, हा प्रश्न वेगळा. त्या वाळवंटातल्या बाईला निदान आपली मर्जी अंगावर घालून हिंडता येत होती.

इथवर जे सांगितले ते घरगुती कशिद्याचे. पण पॅलेस्टाइनमध्ये धंद्याने शिवणाऱ्या बायकाही होत्या, आणि त्यांचे माहेर म्हणजे बेथलेहेम. हे गाव तेव्हा प्रामुख्याने ख्रिस्ती होते. इथले काम फुल्यांचे नव्हे. रेशमाची किंवा सोनेरी-रुपेरी जरीची दोरी कापडावर वळवून फुलापानांच्या आकारात मांडायची आणि बारीक टाक्यांनी जागच्या जागी बसवायची. याला ‘तहरीरी’ म्हणत. आपल्याकडच्या जरदोजीची ही मावसबहीण म्हणावी. ज्या पट्टेदार रेशमी-तागी कापडावर ते करीत त्याचे नाव ‘मलक’, म्हणजे राजेशाही. मखमलीचे आखूड जाकीट, नाण्यांनी मढवलेली उंच टोपी, आणि खाली हा झगा, असा बेथलेहेमचा थाट होता. भोवतालच्या गावांतल्या मुसलमान नवऱ्यांना तो आवडू लागला. (इथे ‘नवरा’ नव्हे, ‘नवरी’ समजावे, नवऱ्यांना फक्त पैसे द्यावे लागत.) पूर्ण झगा परवडला नाही तरी बेथलेहेमचा तयार कब्बा विकत घेऊन आपल्या घरच्या झग्यावर टाचता येई.

पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात या बेथलेहेमची एक बाई बैत दजनला राहायला आली. तिचे नाव माने हजबून. तिच्या भावाने बैत दजनमध्ये संत्र्यांच्या बागा घेतल्या होत्या, त्या निमित्ताने ती आली. येताना तिने तहरीरीचा हात आणला. ती गावातल्या बायकांचे झगे भरू लागली, आणि तिचे पाहून गावातही ते काम सुरू झाले. तोवर बैत दजनमध्ये फुल्यांचेच राज्य होते. आता त्याच गावच्या झग्यावर सुरूच्या ओळींशेजारी जरीची वळणदार फुले दिसू लागली. वेअरबाई आणि अम्मानच्या विदाद कवार यांच्यासारख्यांनी गावच्या म्हाताऱ्यांकडून आठवणी गोळा केल्या, म्हणून हे नाव आपल्यापर्यंत आले. एरवी या कलेत सही करण्याची रीत नाही. हजारो झगे, आणि कर्त्यांची नावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी! त्यांत एक नाव या बाहेरून आलेल्या शिंपिणीचे आहे, आणि ती मुसलमानांच्या गावात येऊन हुन्नर वाटणारी ख्रिस्ती बाई आहे. आम्हांला तिच्याबद्दल आणखी पुष्कळ जाणून घ्यायला आवडले असते.

परकी वस्तू या कलेत सर्रास येत होत्या. १९३० च्या सुमारास फ्रान्सच्या मुल्यूज शहरातल्या डी.एम.सी. कंपनीचा चकचकीत सुती दोरा बाजारात पसरला आणि रेशीम मागे पडले. दोऱ्याबरोबर कंपनीची नक्ष्यांची पुस्तकेही आली. त्यांत युरोपीय गुलाब, पक्षी, फुलदाण्या. मिशन शाळांतल्या शिवणाच्या तासांनी त्यांना हातभार लावला. जुन्या जाणकारांना हे भेसळ वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. आपल्याकडे अँकरच्या दोऱ्याच्या लडीबरोबर आलेल्या नमुन्यांवरून आपल्या खालांनी कमी का पडदे भरले? त्यातली बदके कोणत्या तळ्यातली होती हे कोणी विचारले नाही. याच काळात ग्रेस क्रोफूट या इंग्रज विदुषीने रामल्ला आणि बेथलेहेमच्या टाक्यांवर अभ्यासपूर्ण लेख लिहिले. नवरा पुरातत्त्वज्ञ, तो जमीन उकरी. बाई बायकांच्या मांडीवरचे काम पाहत बसे. १९६४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या डोरोथी हॉजकिन यांची ती आई.

मग १९४८ आले. सात लाखांच्या वर माणसे घरे सोडून निघाली. पुष्कळांना वाटत होते की आठ-पंधरा दिवसांत परत जायचे आहे. बायकांनी अंगावर एकावर एक झगे चढवले, काहींनी लग्नाचा झगा बोचक्यात घेतला. आठ-पंधरा दिवसांची वर्षे झाली. तंबूत पहिले विकले गेले ते चांदीचे दागिने, आणि नंतर झगे. कब्बा उसवून वेगळा विकता येई. त्याच्या उश्या आणि हातातल्या पिशव्या करून परदेशी पाहुण्यांना विकणारे दुकानदारही निघाले. मदत म्हणून आलेल्या पिठाच्या पोत्यांचे कापड मुलांच्या अंगावर चढले. ज्या मुलीने सात वर्षे आपल्या लग्नाचा झगा भरला असता ती आता पाण्याच्या नळाच्या रांगेत उभी होती.

संयुक्त राष्ट्रांची मदत संस्था, उन्रवा, मे १९५० पासून काम करू लागली. त्याच वर्षी गझ्झात ‘सुलाफा’ हा तिचा भरतकामाचा उपक्रम सुरू झाला. छावण्यांतून शिवणकेंद्रे निघाली. मुलींना माप घेणे, बेतणे, यंत्रावर शिवणे शिकवले जाऊ लागले. १९६२ मध्ये रामल्लाला मुलींसाठी उन्रवाचे प्रशिक्षण केंद्र उघडले, तिथेही शिवणकला होती. या घटनेकडे दोन बाजूंनी पाहता येते. एकीकडे, घरातला कर्ता पुरुष बेकार असताना बाईच्या सुईने चूल पेटवली. तिच्या हाती पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले. दुसरीकडे, जो टाका ती स्वतःच्या अंगासाठी घालीत होती तो आता दुसऱ्याच्या उशीसाठी, दिलेल्या नमुन्याप्रमाणे, नगावर पैसे घेऊन घालू लागली. रंग संस्थेचा, दोरा संस्थेचा, बोटे तिची. लखनौच्या चिकनच्या कारागिरिणीला हे समजावून सांगावे लागणार नाही.

छावणीत आणखी एक गोष्ट झाली, जी कोणी ठरवून केली नव्हती. बैत दजनची बाई, हेब्रॉनकडची बाई, रामल्लाची बाई एकाच नळावर येऊ लागल्या. एकमेकींच्या नक्ष्या पाहिल्या, उतरवल्या. गावाच्या सीमा पुसल्या तशा झग्याच्याही पुसल्या. १९६० च्या दशकात एक नवा झगा रूढ झाला: कंबरेपासून खाली उतरणारे भरतकामाचे सहा उभे पट्टे. त्याला ‘सहा फांद्यांचा’ झगा म्हणतात. हे उभे पट्टे, अरबीत ‘इर्क’, बैत दजनमध्ये पूर्वीच होते. म्हणजे जे गाव नकाशावरून गेले त्याची रीत साऱ्या छावण्यांच्या अंगावर आली.

अल-बिरेच्या समीहा खलील यांचा उल्लेख इथे टाळता येत नाही. जन्म १९२३ चा, गाव अनब्ता. लोक त्यांना उम्म खलील म्हणत. १९६५ मध्ये त्यांनी ‘इनआश अल-उस्रा’ ही संस्था काढली. नावाचा अर्थ कुटुंबाला नवी उभारी. सुरुवात लहानशा जागेत, मोजक्या शिवणयंत्रांवर झाली. पुढे शिवण, विणकाम, कशिदा यांचे वर्ग, खेड्यापाड्यांतल्या बायकांना घरबसल्या भरायला दिले जाणारे काम, अनाथ मुलींचे शिक्षण, आणि लोककलांचे संग्रहालय असा तिचा व्याप वाढला. उम्म खलील यांचा हिशेब सरळ होता: भीक नको, काम द्या. त्यांच्यावर अनेकदा निर्बंध आले. १९८८ मध्ये लष्कराने संस्थेला कुलूप लावले. आणि १९९६ मध्ये पॅलेस्टिनी अध्यक्षपदाची पहिली निवडणूक झाली तेव्हा यासर अराफत यांच्याविरुद्ध एकच उमेदवार उभा राहिला, तो म्हणजे ही बाई. एक दशांशाच्या आसपास मते पडली. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्याकडे शिवणाचा वर्ग चालवणाऱ्या बाईला पालिकेचे तिकीटसुद्धा कोणी देत नाही.

लेबनॉनमध्ये १९६९ साली याच नावाशी मिळतीजुळती ‘इनआश’ संस्था निघाली. तिच्या संस्थापकांत चित्रकार ह्युगेट कालां होत्या, स्वतंत्र लेबनॉनच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या कन्या. छावणीतल्या बायका भरीत आणि बैरूतच्या उच्चभ्रू घरांत ते भिंतीवर लागे. ज्या शहरी बायकांच्या आज्या ‘फल्लाही’ म्हणून नाक मुरडत, त्यांनी आता समारंभाला थोब घालायला सुरुवात केली. खेडुताचा कपडा राष्ट्राचा कपडा झाला. यात आनंद मानावा की नाही, आम्हांला ठरवता येत नाही. ज्या बाईने तो भरला तिला स्वतःला तसा झगा विकत घेणे बहुधा परवडत नव्हते.

१९६७ नंतर पश्चिम किनारा आणि गझ्झा लष्करी अमलाखाली गेले. त्याच वर्षीच्या लष्करी हुकुमाने परवानगीवाचून झेंडा दाखवायला बंदी आली. डिसेंबर १९८७ मध्ये इंतिफादा पेटला. रस्त्यावर झेंडा फडकवला तर सैनिक हिसकावून घेत. बायकांनी तो झग्यात भरला. छातीवरच्या पट्ट्यात हिरवा, लाल, काळा, पांढरा, देशाचा नकाशा, कुब्बतुस्सखरा, कोठे कबुतर, कोठे बंदूक, आणि अरबी अक्षरांत ‘फिलस्तीन’. टाका जुनाच, फुल्यांचा, धागे मोजून घातलेला. हे झगे बाजारासाठी नव्हते. बाई ते स्वतःसाठी भरी आणि घालून घराबाहेर पडे. हातातला झेंडा हिसकावता येतो, अंगावरचा कसा हिसकावणार? कारागिरीच्या दृष्टीने या झग्यांतले काही ओबडधोबड आहेत, घाईने भरलेले दिसतात. तरीही छावणीतल्या नगावरच्या कामानंतर बाई पुन्हा आपल्या मर्जीने काय भरायचे ते ठरवू लागली, ती इथे.

नंतरच्या गोष्टी वर्तमानपत्रांतून पुष्कळांनी वाचल्या असतील. ३ जानेवारी २०१९ रोजी रशिदा तलीब यांनी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात शपथ घेतली ती आईने भरलेला थोब घालून. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने पॅलेस्टाइनच्या भरतकामाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. बिरझेतच्या पॅलेस्टिनी संग्रहालयाने २०१८ मध्ये या कशिद्यावर मोठे प्रदर्शन भरवले, आणि त्यात सौंदर्याइतकाच मजुरीचा प्रश्नही मांडला, हे आम्हांला विशेष वाटते. विदाद कवार यांनी छावण्या पालथ्या घालून, एकेका म्हातारीजवळ बसून जो संग्रह केला तो अम्मानच्या ‘तिराज’ या वास्तूत आहे. झगा विकत घेताना त्या त्याच्याबरोबर बाईची हकीकतही लिहून घेत. आपल्याकडच्या बोहारणीला ती सवड नसते, आणि तिला दोष तरी काय द्यायचा? हकीकत आम्हीच सांगितली नव्हती.

ऑक्टोबर २०२३ पासूनच्या युद्धात गझ्झातली संग्रहालयेही वाचली नाहीत. रफाहचे छोटे संग्रहालय पहिल्याच महिन्यात जमीनदोस्त झाले. जुनी नाणी, तांब्याची भांडी, दागिने आणि भरलेले झगे तिथे होते. मजदलच्या विणकरांनी ज्या पट्टीत पुन्हा माग टाकले होते ती हीच. जे सात लाख १९४८ मध्ये निघाले होते त्यांच्या नातवंडां-पणतवंडांनी पुन्हा बोचकी बांधली. त्या बोचक्यांत काय होते, काय मागे राहिले, याची यादी करायला एखादी वेअर किंवा कवार पुढे कधीतरी बसेल.

नानींच्या पेटीतले एक जुजदान तेवढे आमच्याकडे वाचले आहे. त्यात कुराण शरीफ होते, म्हणून ते त्या चळतीत गेले नाही. हिरव्या साटिनवर भरलेली वेल, कोपऱ्यांत चार कळ्या, मधे चंद्रकोर. हा लेख लिहायला घेतला तेव्हा ते घेऊन आम्ही तिन्ही खालांकडे गेलो आणि विचारले, नानींनी हे कधी भरले? एक म्हणाल्या, लग्नाआधीचे असेल. दुसऱ्या म्हणाल्या, शाळेच्या शिवणाच्या पुस्तकातला नमुना आहे. थोरल्या खालांना आता नीटसे दिसत नाही. त्यांनी जुजदान हातात घेतले, उलटे केले, आणि आतल्या बाजूने टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिल्या. एका कळीपाशी अंगठा थांबला. तिथे दोऱ्याची जाडसर गाठ होती.

“हे अम्मीचं नाही रे,” त्या म्हणाल्या. “माझं आहे. ही गाठ राहिली म्हणून तिनं मला दोन दिवस दुसरा दोरा दिला नव्हता.”